वेलीच्या आत

पौष शुद्ध एकादशी, काशीदच्या अलीकडे

तारखेऐवजी तिथी घालतेय. पाच दिवस समुद्राच्या काठाने जायचं तर भरती-ओहोटी तारखेवर कळत नाही, तिथीवर कळते. आजोबांनी शिकवलेला हिशोब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज एकादशी, म्हणजे अकराचे पाऊण सव्वाआठ. सकाळी सव्वाआठच्या आसपास पूर्ण भरती, रात्री त्याच्या थोडी नंतर पुन्हा. पाच-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण मोबाइलची रेंज गेली तरी हा हिशोब जात नाही.

सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सायकलसकट रो-रो बोटीत चढले, तासाभरात मांडवा. तिथून अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, असे ५० किलोमीटर झाले. सायकल १४ किलो, सामान १७ किलो. त्यातलं एक किलो कुळथाचं पीठ. बाकीचे सायकलवाले नूडल्स घेतात, मी कुळीथ. पाणी उकळलं, पीठ, तिखट, मीठ, दोन आमसुलं टाकली की पाच मिनिटांत पिठी. वर भात असलाच तर चैन.

या वेळी एक नियम करून निघालेय: हॉटेल नाही, होमस्टे नाही, आणि मुख्य म्हणजे मुक्कामाची जागा कुणाला कळता कामा नये. बाई एकटी तंबूत झोपणार म्हटल्यावर सगळ्यात सुरक्षित जागा कुठली, तर जी कुणालाच माहीत नाही ती. अंधार पडता पडता तंबू लावायचा, उजाडायच्या आत काढायचा. स्कॉटलंडमध्ये तर २००३ च्या कायद्यानेच लोकांना मोकळ्या रानात मुक्कामाचा हक्क दिलाय, नियम पाळून का होईना. तिकडच्या सायकलवाल्यांचे व्हिडिओ बघून बघून माझ्याही डोक्यात ते भरलं होतं. डोंगराच्या कुशीत एक तंबू, दूरवर कुणी नाही.

इथे ‘दूरवर कुणी नाही’ साडेसातपर्यंत टिकलं. भात कापून मोकळ्या झालेल्या शेताच्या बांधाआड तंबू लावला होता. शेजारच्या शेतात एकदम जाळ. आधी घाबरले. मग वास आला, भांबुर्ड्याच्या पाल्याचा. पोपटी! थंडीत शेतात जमून मडक्यात शेंगा भाजतात ती. पौषात रायगडात लपायला शेतात गेले, म्हणजे अक्कल माझीच.

पंधरा-वीस जण होते, निम्मे लेकरं. मडक्यात पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, काही अंडी. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती गवत-काटक्या पेटवलेल्या. एका आजीने जळत्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले, चर्र झालं, “झाली” म्हणाली. मग माझ्याकडे वळून पहिला प्रश्न: “एकटीच?” दुसरा: “घरी कोन कोन?” तिसरा: “गाडी नाय का तुझी?”

शेंगा अप्रतिम होत्या. पण खरं सांगायचं तर मला नको होतं. तीन वर्षं ठरवून, सुट्ट्या साठवून माणसं टाळायला निघाले, आणि पहिल्याच रात्री वीस जणांना माझ्या तंबूचा रंग माहीत झाला.

द्वादशी, श्रीवर्धन

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, दिवेआगर, शेखाडीचा रस्ता. समुद्र इतका जवळ की सायकलचं पॅडल मारताना पाण्याकडे बघत राहिले आणि खड्ड्यात गेले. मागची ट्यूब गेली. पंक्चर काढायला अर्धा तास आणि तेवढ्यात थांबलेले दुचाकीवाले पाच. पाचही जणांनी मदत विचारली, तीन जणांनी सल्ला दिला, एकाने “मिस्टर कुठायत?” विचारलं. मिस्टर ठाण्यात आहेत आणि मजेत आहेत.

रात्री एका बंद वाडीच्या गडग्याबाहेर, दगडी कुंपणाला लागून, झोपले. कुणी आलं नाही. पण झोपही आली नाही.

त्रयोदशी, गावाचं नाव लिहीत नाही

हरिहरेश्वराहून बागमांडल्याला आणि फेरीबोटीने सावित्री ओलांडून वेसवीला. रायगड जिल्हा संपला, रत्नागिरी सुरू. इथून पुढे कोकणातल्या सायकलचा एकच राग: खाडीपर्यंत उतरायचं, गावातून जायचं, मग जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर चढायचं, वर वारा खाईपर्यंत पुन्हा उतार. उतारावर कमावलेलं सगळं पुढच्या चढावर फेडायचं. सगळ्यात हलका गिअर टाकूनही दोनदा उतरून ढकलली. बाणकोट झालं, वेळास झालं, आणि पुढे एका किनाऱ्यावर थांबले. नाव न लिहिण्याचं कारण पुढे येईल.

साडेपाचला किनाऱ्यावर पोचले. एक माणूस नाही. मागे सुरूचं बन, त्याच्यापुढे वाळूवर पसरलेली मर्यादवेल, तिची जांभळी फुलं मिटत आलेली. वेलीच्या पुढे सपाट कोरडी वाळू, आणि त्यापुढे शेवाळ, काटक्या, चपला, बाटल्या यांची नागमोडी रेघ. सकाळच्या भरतीने सोडलेली. मी शहाणी, हिशोब केला: तेराचे पाऊण पावणेदहा. रात्री दहाच्या सुमाराला भरती येणार, आणि ती या रेघेपर्यंत येणार. रेघेच्या वर आठ पावलं टाकून तंबू लावला. वाळूत खुंट्या धरत नाहीत, म्हणून प्लास्टिकच्या पिशव्यांत वाळू भरून, दोरीला बांधून पुरल्या. पिठी केली. चांदणं एवढं की ताटलीची सावली पडत होती.

अखेर कुणी नाही. कोकणात, किनाऱ्यावर, एकटी. तासभर नुसती बसून होते. तो तासभर लिहिण्यासारखं काहीच झालं नाही, आणि त्यासाठीच तर आले होते.

चतुर्दशी, पहाटे सहा. हात अजून गार आहेत

काल रात्री सव्वादहाला पाठीखाली गार लागलं. आधी वाटलं पाण्याची पिशवी फुटली. चेन उघडली तर तंबूच्या दाराशी फेस. एक लाट आली, शांतपणे, आवाज न करता, आणि माझ्या चपला घेऊन गेली. सायकल तंबूला टेकवून आडवी ठेवली होती, तिची चेन, गिअर, सगळं खाऱ्या पाण्यात.

मग जी धावपळ. डोक्यावरचा दिवा लावला, पिशव्या उपसल्या, अख्खा तंबू उचलून वर ओढत नेला, वेलीच्या अगदी काठापर्यंत. सायकल ओढली. स्लीपिंग बॅग पिळली. साडेबारापर्यंत दिवा जळत होता. कपडे वाळत घालायला वेलीपासून सायकलपर्यंत दोरीही बांधली. शेवटी ओल्या मोज्यांनीच झोपले.

साडेपाचला बाहेर आवाज. “कोण आहे आत?” माझ्या हातात मिरचीचा स्प्रे. बाहेर साठीचा माणूस, कानटोपी, हातात काठी आणि लाल कागद गुंडाळलेली बॅटरी. मी बाहेर आल्यावर तो दोन पावलं मागे सरकला. “ताई, घाबरू नका. मी कासवांचं बघतो.”

कासवमित्र. या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला येतात, आणि हे लोक रोज पहाटे माग बघत चालतात. घरटं सापडलं की अंडी उचलून कुंपणाच्या आत नेऊन पुरायची, कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवायला. पन्नासेक दिवसांनी पिल्लं. वेळासच्या कासवांबद्दल मी वाचलं होतं. किंबहुना काल वेळासहून जाताना फलकाचा फोटोसुद्धा काढला होता.

ते बॅटरी वाळूवर टाकत म्हणाले, “हे बघा.”

पाण्याकडून एक माग वर आला होता. तीनेक वीत रुंद. दोन्ही कडांना वल्ह्यासारख्या पायांच्या खुणा, आलटून पालटून, एक पुढे एक मागे, आणि मधे पोट घासत आल्याचा पट्टा. सरळ वर, माझ्या तंबूच्या दिशेने. कपडे वाळत घातलेल्या दोरीच्या सहा पावलं अलीकडे तो वळला होता. मोठं वळण, नालेच्या आकाराचं. आणि परत पाण्याकडे.

ते वळणापाशी उकिडवे बसले, हाताने वाळू दाबून बघितली, काठी इकडे तिकडे खुपसली. “उकरलेलं नाही. आली आणि गेली.”

“माझ्यामुळे?”

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. “तसंही कधी कधी परततात. वाळू पसंत पडत नाही, कुत्रं दिसतं. येईल. आज नाहीतर उद्या. पोटात शंभरएक अंडी घेऊन जाईल कुठे?”

ते चांगुलपणाने बोलले, मला कळलं. साडेबारापर्यंतचा दिवा मी त्यांना सांगितला नाही.

मग तंबू बघून म्हणाले, “आधी खाली लावलेला ना? ओला दिसतोय.” मी पाऊणकीचा हिशोब सांगितला. ते हसले. “वेळ बरोबर आहे ओ तुमची. उंची चुकली. पुनव जवळ आली की पाणी रोज वाढतं, कालची रेघ आज चालत नाही. आणि थंडीत रात्रीची भरती मोठी, दिवसाची लहान. पावसात उलटं. तुम्ही सकाळची रेघ बघून रात्रीचा तंबू लावला.” आजोबांनी हे सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी आठ वर्षांची होते.

“आणि वेलीच्या बाहेर लावायचाच नाही,” ते उठता उठता म्हणाले. “वेलीच्या आत, बनाच्या बाजूला. नाव काय तिचं? मर्यादवेल. उगाच नाही पडलं.”

“पण बन कुणाचं? विचारायचं कुणाला?”

“मला विचारायचं,” ते म्हणाले. “माझं नाही ते. पण मला विचारायचं.”

काठी टेकत पुढे गेले. मी माग पुसला जाऊ नये म्हणून बाजूबाजूने चालत सामान आवरलं. मग लक्षात आलं की तो तर ते जाता जाता स्वतःच काठीने मोडत गेले होते. माग दिसला की माणसं गोळा होतात. म्हणून गावाचं नाव नाही.

चतुर्दशी, रात्री

दिवस असाच गेला. केळशी, आंजर्ले, हर्णैच्या बंदरावर माशांचा लिलाव, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. एका गॅरेजवाल्याकडे गोड्या पाण्याने सायकल धुतली, जुन्या टूथब्रशने चेन घासली, तेल सोडलं. तरी प्रत्येक चढाला वाळू चावल्यासारखी करकरते. चपला नवीन घेतल्या, ९० रुपये.

आज एका घराच्या अंगणात. विचारून.

पौर्णिमा, गुहागरच्या अलीकडे

दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडली, धोपावे. चढ. मग चार वाजता एक आगर दिसलं: माड, पोफळी, विहीर, जांभ्याचं बंद घर, पडवी स्वच्छ. गेल्या आठवड्यातली मी असते तर अंधार पडायची वाट बघितली असती. समोरच्या दुकानात जाऊन विचारलं, काका, हे कुणाचं?

काकांनी सुपारी कातरता कातरता हसून घेतलं. “सातबाऱ्यावर बावीस नावं आहेत. कोणतं पायजे?” कोकणात मोकळी जागा नसते, जागेला मालक असतो, आणि मालक मुंबईत असतो. बावीसपैकी जी फोन उचलते तिला त्यांनी फोन लावला आणि सरळ माझ्या हातात दिला.

“कोण गं तू?” पलीकडे म्हातारी, बोरिवलीहून. मी नाव सांगितलं. “ते नव्हे. कुणाची?” ठाण्याची म्हटलं. आजोळ विचारलं. आजोळ चिपळूणकडचं निघाल्यावर आवाज जरा उतरला. सायकलवर आलेय म्हटल्यावर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग, “एकटी?”

“हो, आजी.”

“माडाखाली लावू नको हो तंबू. नारळ पडतो. पडवीतच झोप. विहिरीचं पाणी चांगलं आहे.” मी आभार मानणार तेवढ्यात, “आणि असं कर. आलीच आहेस तर मागच्या बाजूला जाऊन बघ, कौलं धड आहेत का. हा दुकानवाला सगळं ठीक आहे, ठीक आहे म्हणतो. गणपतीपासून कुणी गेलं नाहीये आमच्यातलं.”

दुकानवाले काका सुपारीकडे बघत राहिले.

पिठी चुलीवर ठेवायच्या आधी दिवा लावून घराला एक फेरी मारली. मागच्या न्हाणीच्या वर तीन कौलं सरकली आहेत, वाशाला थोडी वाळवी. फोटो काढून पाठवले. लगेच दोन निळ्या खुणा, आणि पाठोपाठ फोन.