चर्चला जाता आणि हरिपाठही म्हणता, मग तुम्ही नक्की कोण?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे, आणि विचारणारे तुम्ही पहिले नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसे हा प्रश्न काळजीच्या सुरात विचारतात. शाळेतले सहकारी तो कौतुकाने विचारत आणि पुढे स्वतःच उत्तर देत, "म्हणजे मनाने तुम्ही हिंदूच की हो," आणि हे कौतुक मला त्या काळजीपेक्षा अधिक बोचत असे. आमच्या पणजोबांच्या धाकट्या भावाची शाखा १९५६ नंतर बौद्ध झाली. त्या शाखेतला माझा भाऊ मात्र विचारत नाही, तो सरळ टोकतो. त्याच्याकडे पुढे येईनच. मी रविवारी उपासनेला जाते, प्रभुभोजन घेते, एकादशीला एक वेळ जेवते आणि संध्याकाळी हरिपाठ म्हणते. हे सारे एका माणसात कसे मावते, असे तुम्हाला वाटते. पुष्कळ वर्षे ते मलाही सहज मावले नव्हते.

माझे माहेर नगरचे. अमेरिकन मराठी मिशनचे काम तिथे १८३१ साली सुरू झाले, पण आमचे घराणे ख्रिस्ती झाले ते १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर, पणजोबांच्या वेळी. "पोटासाठी बाटले" हा टोमणा आजीने आयुष्यभर ऐकला आणि तिचे उत्तर ठरलेले असे, "पोट तरी कुणी दिलंय मग?" शेजारच्या घरी श्रावणात सत्यनारायण असे आणि दुपारी शेजारीणबाई द्रोणात शिरा घेऊन येत, वर केळ्याची चकती आणि तुळशीचे पान. आजी तो उभी राहून, पदर सावरून, दोन्ही हातांनी घेई, बाईंना बसवून चहा देई आणि त्या गेल्या की द्रोण माठावरच्या झाकणीवर ठेवून देई. आम्हा मुलांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. ऊन उतरले की ती परसात जाऊन तो शिरा कोंबड्यांना घाली. मी एकदा रडून विचारले तेव्हा म्हणाली, "देणारीचा मान राहिला पाहिजे, आणि माझा नेमही राहिला पाहिजे." तुपातला शिरा कोंबड्या खातात आणि आपण नुसते बघायचे, हा अन्याय मला अजून आठवतो.

पुढे बायबलमधले, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला म्हणजे करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र मी लक्षपूर्वक वाचले तेव्हा आठव्या अध्यायात मला आमचे परसदार भेटले. मूर्तीला वाहिलेले अन्न खावे की नाही, असा करिंथच्या मंडळीचा प्रश्न होता. पौल म्हणतो की मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, आणि अन्नाने कोणी देवाच्या जवळ जात नाही की त्याच्यापासून दूरही जात नाही. परंतु माझ्या खाण्याने एखाद्या दुबळ्या भावाला ठेच लागणार असेल, तर मी ते खाणार नाही. निवाडा पदार्थाचा नव्हता, पंगतीतल्या शेजाऱ्याचा होता. आजीने तोच निवाडा कोंबड्यांच्या मदतीने अमलात आणला होता. मी आज तो शिरा खाते. परंतु मंडळीतली एखादी वयोवृद्ध बाई समोर असेल आणि तिला त्याचा त्रास होणार असेल, तर द्रोण बाजूला ठेवते, आणि त्यात मला काही लपवाछपवी वाटत नाही.

आता अभंगांविषयी. नगर भागातल्या ख्रिस्ती मुलाला अभंग बाहेरून शिकावे लागत नाहीत, ते त्याला चर्चमध्येच मिळतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढची चोवीस वर्षे मराठी ख्रिस्ती मनाला मराठी चाल दिली. टाळ आणि पेटीवर त्यांची गीते म्हणतच आम्ही वाढलो. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९१७ साली त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी. त्या काळी हे धाडस किती मोठे असेल, याची कल्पना मला स्वतःला थोडेसे अंगावर घेतल्यावर आली. शाळेत मी ३२ वर्षे मराठी शिकवले. तुकोबांची देवाच्या भेटीची तळमळ फळ्यावर समजावून देताना बायबलमधल्या बेचाळिसाव्या स्तोत्रातली पाण्यासाठी लुलपणारी हरिणी मनात यायची, आणि चर्चमध्ये ती हरिणी ऐकताना तुकोबा यायचे. हे मी जुळवून आणले नव्हते. कृपा, शरण, दया, भक्ती हे शब्द मराठी बायबलने ज्या भाषेतून घेतले, ती भाषा संतांनी आधीच घोळून ठेवलेली होती.

इतके म्हणून थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. तुम्ही वाचलेल्या पुष्कळ लेखांमध्ये ती तशीच असते. परंतु टिळक चित्पावन ब्राह्मण होते. ज्या पुलावरून ते आले, त्या पुलावर चढायला माझ्या पणजोबांना मज्जावच होता. आम्ही महारवाड्यातले. पणजोबांच्या काळी आमच्या माणसाने पंढरपूरला चालत जावे, उन्हात नाचावे आणि महाद्वाराच्या बाहेरून कळसाला हात जोडून परत यावे, अशी रीत होती. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींनी उपोषण केल्यानंतर. म्हणून "तुम्ही मनाने हिंदूच" असे कोणी प्रेमाने म्हटले की मला विचारावेसे वाटते, की नक्की कोणत्या दाराने?

माझ्या श्रद्धेची गाठ बसली ती याच दाराशी. हरिपाठाची सुरुवात देवाच्या द्वारी क्षणभर उभे राहण्यापासून होते, आणि क्षणभर उभे राहिले तरी चारही मुक्ती साधल्या, असे ज्ञानदेव सांगतात. वर्गात हे शिकवताना एके दिवशी मनात आले, की आमच्याच महार जातीचे संत चोखामेळा, म्हणजे चोखोबा, तर जन्मभर त्या द्वारीच उभे होते. मंगळवेढ्याच्या कुसाचे, म्हणजे गावाभोवतीच्या भिंतीचे, काम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा गेले, तो काळ १३३८ चा. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणल्या आणि समाधी महाद्वारासमोर झाली. मेल्यावरही बाहेरच. त्याच आठवड्यात, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, तयारीसाठी, मी बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचत होते, आणि येशूने वेशीबाहेर दुःख सोसले, हे वाक्य समोर आले. हा 'वेस' शब्द ज्या कोणी भाषांतरात घातला असेल, त्याचे माझ्यावर ऋण आहे. यरुशलेमेच्या तटाला दरवाजा असेल, परंतु मराठी वाचकासमोर उभी राहते ती गावाची वेस, आणि वेशीबाहेर कोण राहते हे आम्हाला कोणी सांगावे लागत नाही. माझा देव वेशीबाहेर मारला गेला, आणि माझ्या जातीचा संत वेशीच्या भिंतीखाली. या दोघांची ओळख मी करून दिलेली नाही. ते एकाच ठिकाणी मला भेटले, एवढेच.

माझा बौद्ध भाऊ यावर म्हणतो, "ताई, चोखोबा गेले ते विटाळ कपाळी घेऊनच. त्यांचं कौतुक करणं म्हणजे पायरीचं कौतुक करणं." हा आक्षेप मी उडवून लावू शकत नाही. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा १९४८ चा ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहेत, असे मी त्याला ऐकवते. परंतु ते उत्तर नव्हे, हे आम्हा दोघांनाही कळते. कारण चोखोबांच्या काही अभंगांत खरोखरच असे येते, की हा हीन जन्म मागच्या जन्मीच्या दोषाने मिळाला. तिथे मी थांबते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात, की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू उत्तर देतो, की याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. हे उत्तर चोखोबांना कोणी दिले असते तर, असे मला नेहमी वाटते. कर्मविपाक, म्हणजे मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ या जन्मी भोगणे, मला मान्य नाही आणि म्हणून पुनर्जन्मही माझ्या श्रद्धेत नाही. तो काढून टाकला की अभंगांच्या घराचा एक खांब निखळतो, याची मला जाणीव आहे. चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई यांचे मात्र तसे नाही. देहाचा विटाळ देहातच उपजतो, मग सोवळा कोण, असे विचारणारी ही बाई नवऱ्यापेक्षा दोन पावले पुढे होती, असे माझे मत आहे. भाऊही याला मान डोलावतो.

दुसरीकडेही सांधा नीट बसत नाही. "मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे" या येशूच्या वचनावर आमच्या चर्चच्या पाळकांनी मला एकदा तासभर समजावले आणि शेवटी, मुलांच्या मनात गोंधळ नको म्हणून, माझ्याकडचा संडे स्कूलचा वर्ग काढून घेतला. मी भांडले नाही, पण मुलांना चुकले. ते वचन मी पुसट करून वाचत नाही. मार्ग ठाऊक नाही म्हणून घाबरलेल्या थोमा या शिष्याला, अखेरच्या रात्री, मित्राने दिलेले ते उत्तर आहे, असे मी समजते. शेजारणीच्या देव्हाऱ्यावर दिलेला तो निकाल आहे, असे मला वाटत नाही. पाळकांचे वाचन माझ्यापेक्षा जुने आहे आणि त्यांच्या बाजूला पुष्कळ मोठी माणसे आहेत, हेही मला माहीत आहे.

आणि "म्हणजे खिचडीच" असे जे म्हणतात, त्यांना मी एवढेच सांगेन, की खिचडीत डाळ आणि तांदूळ वेगळे ओळखू येत नाहीत. माझ्याकडे येतात. मी नाम घेते ते येशूचे, परंतु घेण्याची रीत हरिपाठाची आहे, श्वासाबरोबर, मोजदाद न ठेवता. देवाला 'पित्या' म्हणताना मला अंतर जाणवते आणि 'माउली' म्हणताना जाणवत नाही, म्हणून एकटी असताना मी 'माउली' म्हणते. क्षमा मात्र मी ख्रिस्ताकडूनच शिकले. शत्रूसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा मला दुसरीकडे इतक्या सरळ शब्दांत मिळाली नाही, आणि ती पाळणे एकादशीपेक्षा फार अवघड आहे.

पंढरपूरला मी एकदाच गेले, निवृत्तीनंतर, माघी यात्रा संपून गर्दी ओसरल्यावर. चोखोबांच्या समाधीपाशी उभी राहून मी प्रभूची प्रार्थना म्हटली, मनातल्या मनात, आणि 'आम्हाला मोहात पाडू नकोस' पर्यंत आले तोच शेजारी माळा विकणाऱ्या म्हातारीने विचारले, "माउली, कुठल्या दिंडीच्या?" मी म्हटले, "नगरची." ती म्हणाली, "मग आत जावा की, आज रांग न्हाई." मी म्हटले, "इथंच बरं आहे." तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिले, पुढे काही विचारले नाही, आणि डबीतला चिमूटभर बुक्का माझ्या कपाळाला लावला. टेंभुर्णीला बस थांबली तेव्हा चहाच्या दुकानातल्या आरशात तो मला दिसला आणि आजीची आठवण झाली, कारण बुक्का काही कोंबड्यांना घालता येत नाही.