खोपोलीच्या वॉटर पार्कात शनिवार-रविवार: कोणती स्लाइड कधी गाठायची

वॉटर पार्कातला दिवस खातात त्या रांगा. आणि रांग किती लांबणार हे स्लाइड किती गाजलेली आहे यापेक्षा ती तासाला किती माणसं खाली सोडते यावर ठरतं. पुण्याहून खोपोलीच्या इमॅजिका वॉटर पार्कला आम्ही सात स्लाइडवेडे गेलो, ते हा एकच हिशोब डोक्यात ठेवून. शनिवारचा पूर्ण दिवस, रात्री खोपोलीत मुक्काम, रविवारी दुपारपर्यंत पुन्हा पाण्यात. मागून येणाऱ्यांना कामाला येईल ते इथे मांडलं आहे.

आधी जाण्याचं. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर, बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. वाकडहून साधारण ७० किलोमीटर. शनिवारी सकाळी मुंबईकर लोणावळ्याकडे चढत असतात, त्यामुळे द्रुतगती मार्गावर घाट तुंबतो तो पुण्याच्या दिशेचा. आपण उतरणीला असतो. रविवारी संध्याकाळी उलटं, मुंबईची बाजू तुंबलेली आणि आपण चढणीला. पुणेकरांसाठी हे दोन दिवस याच क्रमाने सोयीचे. एक अडचण मात्र लक्षात ठेवा. सुट्ट्या जोडून आल्या आणि घाटात फारच कोंडी झाली, की महामार्ग पोलीस मुंबईकडे जाणारी वाहनं थोडा वेळ थांबवून त्या मार्गिकांवरूनही पुण्याकडची वाहनं सोडतात. त्यात सापडलं तर अर्धा-पाऊण तास गेलाच. म्हणून वाकड साडेसहाला सोडा, सातची वाट बघू नका. घाट उतरताना खालच्या गिअरवर उतरा. भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली की ब्रेक तापून ढिले पडतात. दुचाकीला द्रुतगती मार्गावर बंदी आहे, त्यांना जुना महामार्ग.

रेल्वेने जाणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे लोणावळा लोकल धरणं. ती घाटावरच संपते. खोपोलीचं स्टेशन कर्जतहून फुटणाऱ्या फाट्यावर आहे. कर्जतला थांबणारी मुंबईची गाडी पकडायची, तिथून खोपोली लोकल, मग रिक्षा. या फाट्यावर लोकल थोड्या आहेत, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा.

तिकिटाबद्दल एवढंच, की त्याच आवारात थीम पार्क २०१३ साली सुरू झालं आणि वॉटर पार्क २०१४ साली. दोन्हींची तिकिटं वेगळी आहेत. ऑनलाइन काढताना कुठल्या पार्कचं आणि कुठल्या तारखेचं, हे पैसे भरण्याआधी दोनदा वाचा. दर दिवसाप्रमाणे बदलतात.

आता रांगेचं गणित. एकेकट्याने जायच्या कॅप्सूलच्या स्लाइडवर माणूस आत उभा राहणार, झाकण लागणार, खालून मोकळं झाल्याची खूण येणार, मग सुटणार. एका माणसामागे पाऊण मिनिट धरलं तर तासाला ८० माणसं. चटईवरून एकदम सहाजण सुटतात अशा शर्यतीच्या स्लाइडवर दर मिनिटाला एक फेरी धरली तर तासाला ३६०. चारजणांच्या रबरी तराफ्यावर तोच वेग धरला तर २४०. म्हणजे कॅप्सूलपुढे ४० माणसं उभी असतील तर अर्धा तास आणि चटईपुढे तेवढीच असतील तर सात मिनिटं. जिन्याखालून बघणाऱ्याला दोन्ही रांगा सारख्याच दिसतात. गर्दी आत शिरली की जवळचं आणि रंगीत दिसेल तिकडे, म्हणजे बहुतेक वेळा लाटांच्या तलावाकडे, वळते. लाटांना रांग लागत नाही, त्या दुपारीही तशाच असतात. तेव्हा दार उघडल्यावर पहिला दीड तास एकट्याच्या स्लाइड, मग दोघांची ट्यूब, मग मोठा तराफा, मग चटई, आणि लाटा व संथ नदी भर उन्हाच्या वेळी. आमचा दोन्ही दिवसांचा क्रम हाच होता आणि तो एकदाही बदलावा लागला नाही.

पहिली गाठली ती लूपी वूपी. उभ्या कॅप्सूलमध्ये उभं राहायचं, पायाखालची झडप उघडते, जवळजवळ सरळ खाली पडून मग लूप, म्हणजे नळीचा पूर्ण गोल फेरा. या जातीच्या स्लाइडला एक इतिहास आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या अ‍ॅक्शन पार्कमध्ये १९८५ साली उभं वर्तुळ असलेली स्लाइड उघडली होती. लोकांना इजा झाल्या आणि ती महिन्याभरात बंद पडली. उभ्या वर्तुळाचा दोष असा, की वेग थोडा कमी पडला तर माणूस माथ्यावरून खाली आपटतो. पुढे लूप तिरकं केलं. तिरक्या लूपमध्ये वेग कमी पडलाच तर अंग आल्या वाटेने मागे घसरतं. झडप आली ती सर्वांचा आरंभ सारखा व्हावा म्हणून. कुणी दांडा धरून जोरात ढकलून घेतो, कुणी कचरत बसतो, तो फरक तिने संपवला. अशी पहिली स्लाइड २००८ साली स्लोव्हेनियात उभी राहिली.

या जातीला वजनाची खालची मर्यादा का असते, हे रांगेतल्या लोकांना हमखास कळत नाही. १२ मीटर उंचीवरून घर्षण नसतं तर ताशी सुमारे ५५ किलोमीटरचा वेग आला असता, मग वजन २० किलो असो की ९०. पण पाण्याचा आणि हवेचा अडथळा अंगाच्या आकारावर ठरतो आणि त्या मानाने हलक्या माणसाचा वेग जास्त मरतो. म्हणून सडपातळ माणूस माथा न ओलांडता मागे येऊ शकतो. त्यासाठी लूपच्या तळाशी बाजूला एक दार ठेवलेलं असतं, तिथून बाहेर काढतात. घाबरण्यासारखं काही नाही, पण रांग दहा मिनिटं थांबते. उंची, वजन किंवा पाठीचं दुखणं यांवरून ऑपरेटरने नाही म्हटलं तर हुज्जत घालू नका. वजनाचा नियम तर याच हिशोबावर उभा आहे.

शरीराची ठेवण: घोट्यापाशी पायाची अढी, हात छातीवर आडवे, डोकं मागे टेकलेलं. पायांची अढी नुसती शिस्तीसाठी नसते. वेगाने खालच्या पाण्यात शिरताना पाय फाकले तर पाण्याचा फटका थेट आत बसतो, त्यातून गंभीर इजा होते. हे बाईमाणसालाही लागू आणि पुरुषालाही. डोकं उचलून खाली बघण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याने मान आखडते आणि शेवटी पाणी सरळ नाकात जातं. सुटताना श्वास आत घ्या, लूप संपल्यावर नाकाने सोडत राहा.

साध्या पाठीवरच्या स्लाइडवर, जिथे ऑपरेटरची वेगळी सूचना नसेल तिथे, वेग वाढवायचा तर अंगाचा स्लाइडच्या फायबरला होणारा स्पर्श कमी करा. कंबर जरा उचलून भार खांद्याच्या फऱ्यांवर आणि टाचांवर घ्या. फायबरचे तुकडे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि सांधा फट बुजवणाऱ्या मसाल्याने भरलेला असतो. ते सांधे फऱ्यांना टकटक लागतात. फऱ्यांवरून घासू नये म्हणून पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा टी-शर्ट बरा, त्याने वेग कमी होत नाही. सुती कपडा मात्र पाणी पिऊन जड होतो आणि ब्रेकसारखा चिकटतो. जीन्सची बटणं आणि पितळी चेन फायबरवरचा गुळगुळीत थर खरवडतात, त्यामुळे तसे कपडे चालत नाहीत. हा नियम दाराशीच तपासतात. नायलॉन किंवा लायक्राचे कपडे घरूनच न्या, भाड्याच्या रांगेत पंधरा मिनिटं जातात.

चटईच्या शर्यतीत हरणारे दोनच कारणांनी हरतात. एक, पाय मागे लोंबकळत ठेवतात आणि पावलं पाण्यात ओढली जातात. गुडघ्यात वाकवून पावलं उचला. दुसरं, चटईची पुढची कड. सुटताना ती दोन्ही मुठींत धरून बोटभर वर ठेवा, कोपरं चटईवर टेकवा. कड खाली गेली की ती फावड्यासारखं पाणी उचलते आणि तोंडावर सपकारा येतो. शेवटच्या सपाट भागात तर कड अजून थोडी वर ओढायची, तिथेच चढाओढ ठरते. वजनदार माणूस इथे जिंकतो, कारण मघाचंच: हलक्याचा वेग जास्त मरतो.

ट्यूब आणि तराफ्यांत हवा बघून घ्या, हे कुणी सांगत नाही. अंगठ्याने दाबल्यावर फार खोल खड्डा पडला तर ती ट्यूब सोडा, दुसरी घ्या. नरम ट्यूब फायबरला पसरून चिकटते आणि वळणात अडते. सकाळी गार असताना ट्यूबा थोड्या नरम असतात, उन्हात हवा फुगून दुपारी कडक होतात, तेव्हा एकच स्लाइड दुपारी जास्त वेगवान वाटते. बूमरँग जातीच्या स्लाइडवर, जिथे ट्यूब समोरच्या भिंतीवर चढून उलटी परत येते, तिथे जड माणूस मागे बसवा. भिंतीवर चढताना अंग पुढे झुकवू नका, हँडल सोडू नका. वर जाऊन क्षणभर थांबल्यावर सगळे हात सोडून ओरडतात आणि नेमका तेव्हाच तराफा मागे घसरायला लागतो.

वाडग्यासारख्या गोल स्लाइडचं एकच सांगतो. उठून बसलात की फेरे लवकर संपतात. आडवं राहा, नाक धरा. मध्यल्या भोकातून पाण्यात कुठल्या बाजूने पडाल याचा नेम नाही. पोहता येत नसेल तर खालची खोली विचारूनच चढा.

लाटांच्या तलावात, वॅकी वेव्हमध्ये, दिवसाचे दोन तास सहज गेले आणि ते चांगले गेले. अशा तलावांत खोल टोकाच्या भिंतीमागे बंद कप्पे असतात. ब्लोअर कप्प्यात हवा दाबतो, आतलं पाणी खाली ढकललं जातं. हवा सोडली की ते वर येतं, आणि या चढउताराची लाट होते. सगळे कप्पे एकदम चालवले तर सरळ लाट, आळीपाळीने चालवले तर तिरक्या लाटा, आणि त्या एकमेकींना छेदतात तिथे पाण्याचा चांगला उंच सुळका उठतो. दोन-तीन लाटा काठावरून बघितल्या की सुळका कुठे उठतो ते कळतं, तिथे जाऊन उभं राहायचं.

लाट फुटते कुठे, याचाही ठोकताळा आहे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की लाट कोसळते. पाऊण मीटरची लाट साधारण एक मीटर पाण्यात, म्हणजे बहुतेकांच्या कमरेपाशी. आणि सगळे नेमके कमरेएवढ्या पाण्यात गर्दी करतात, धडका खातात, गुडघे सोलून घेतात. पाच-सहा पावलं आत, छातीएवढ्या पाण्यात गेलं की तीच लाट न फुटता अलगद उचलते. पोहता न येणाऱ्यांनी आणि मुलांनी मात्र मांडीएवढ्याच पाण्यात, फुटलेल्या फेसात राहावं आणि लाइफजॅकेट घालावं. लाटा चक्राने चालतात. थोडा वेळ चालू, मग विश्रांती. भोंगा वाजला की लाटा सुरू होणार. विश्रांतीत बाहेर पडण्यापेक्षा आतच थांबा, पुढचं चक्र जागेवर मिळतं.

फ्लोटसॅम ही संथ नदी. दुपारी एक ते अडीच तिथे ट्यूबवर पडून राहावं, पाय मोकळे होतात. दिवसभरात जिने किती चढतो याचा अंदाज संध्याकाळी पोटऱ्या देतात.

खोपोली घाटाखाली आहे, तिथे पुण्यापेक्षा उकाडा जास्त आणि घामटपणा फार. पाण्यात असल्याने घाम कळत नाही आणि तीनच्या सुमाराला डोकं धरतं. दर तासाला पाणी, दुपारी एक ओआरएस. सकाळी निघताना पोहे बरे. मिसळ आणि तराफा यांचं जमत नाही. मे महिन्यात दुपारी पायवाट इतकी तापते की टाचा भाजतात. रबरी चपला स्लाइडच्या पायथ्याशी काढून ठेवता येतात. सनस्क्रीन पाण्यात टिकणारं घ्या, पाण्यात उतरण्याआधी वीस मिनिटं लावा, दर दोन तासांनी पुन्हा. कान, मान आणि पावलांचे वरचे भाग सगळे विसरतात आणि तेच भाजतात.

डोळे लाल होतात ते नुसत्या क्लोरीनने नाही. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिळून क्लोरामाइन होतं, ते झोंबतं आणि त्याचाच तो उग्र वास. आत शिरण्याआधी साबणाने अंघोळ करा, मुलांना तासाभराने बाहेर न्या, तर दुपारचं पाणीही चांगलं राहतं. ही सर्वांनी मिळून पाळायची गोष्ट आहे. कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका. केस आधी साध्या पाण्याने भिजवून वेणी घाला. भिजलेले केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतात. तेल लावू नका, ते पाण्यावर तरंगतं.

अंगठ्या, पैंजण, मंगळसूत्र लॉकरमध्ये. मंगळसूत्राची पोत स्लाइडच्या पाण्यात तुटली तर एक मणी सापडत नाही. लॉकरच्या किल्लीचा पट्टा मनगटावर ठेवा. घोट्यावर असला तर अढी घातल्यावर हाडात रुततो. मोबाइलच्या प्लास्टिकच्या पाकिटात आधी टिश्यू पेपर घालून घरच्या बादलीत दहा मिनिटं बुडवून बघा. टिश्यू ओलसर झाला तर ते पाकीट टाकून द्या.

रविवारी दार उघडण्याआधी अर्धा तास उभे होतो. जागा माहीत झाल्या होत्या, नायलॉनचे कपडे अंगावरच होते, लॉकर झटपट झाला. पहिल्या दीड तासात एकट्याच्या दोन्ही प्रकारच्या स्लाइड तीन-तीन वेळा झाल्या. शनिवारी त्याच वेळात एकेकदाच जमल्या होत्या, कारण जिने आणि रांगांची तोंडं शोधण्यात वेळ गेला होता. एकच दिवस जाणार असाल तर आदल्या रात्री नकाशा बघून जिन्यांचा क्रम कागदावर लिहून ठेवा.

दोनला बाहेर पडलात तर लोणावळ्याहून परतणाऱ्या पुणेकरांच्या आधी तळेगावचा टोलनाका मागे पडतो. कपडे ओलेच पिशवीत कोंबून ठेवू नका. क्लोरीन लायक्राचा ताण खातं, चार-पाच वेळांत कपडा ढिला पडतो. त्याच रात्री साध्या पाण्यातून दोनदा काढून, न पिळता, सावलीत वाळत घाला.