मामाचं 9.9 आणि जपानची चिठ्ठी

गोव्यात केरीला मामाची फायबरची होडी आहे, मागे 9.9 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लटकवलेलं इंजिन. लहानपणी मला एकच कोडं पडायचं, 9.9 का, सरळ 10 का नाही? मामाला दुकानदाराने गंडवलंय असंच वाटायचं. खूप नंतर कळलं की अमेरिकेत काही तलावांवर 10 हॉर्सपॉवरची मर्यादा असते, तिच्या आत बसावं म्हणून हा आकडा. आणि गंमत म्हणजे कितीतरी मॉडेल्समध्ये 9.9 आणि 15 चा ब्लॉक एकच, फरक फक्त कार्बुरेटर नाहीतर थ्रॉटलमध्ये. म्हणजे आपण पैसे देऊन गळा दाबलेलं इंजिन घेतो!

पॉवरबोट रेसिंगचे नियम वाचायला लागलो तेव्हा हेच आठवलं, कारण तिथेही सगळा खेळ गळा किती दाबायचा याचाच. अमेरिकेत एपीबीए या पॉवरबोट संघटनेच्या स्टॉक आउटबोर्डमध्ये ए, बी, सी, डी असे क्लास, अक्षर पुढे गेलं की इंजिन मोठं. नऊ वर्षांपासूनच्या पोरांचा जे क्लास वेगळा, इंजिन ए चंच पण मधे भोक असलेली एक चकती बसवतात, हवा-पेट्रोलचं मिश्रण कमी जातं आणि वेग आपोआप उतरतो. स्टॉकमध्ये इंजिनाला जवळजवळ हात लावायचा नाही, मॉडिफाइडमध्ये थोडीफार कारागिरी चालते, आणि प्रो मध्ये तर मिथेनॉलवर चालणारी खास रेसची इंजिनं. रेस संपली की जिंकलेल्याचं इंजिन उघडून मोजतात आणि किमान वजन बोट अधिक ड्रायव्हर मिळून धरतात, त्यामुळे बारीक माणसाला शिसं घेऊन फिरावं लागतं. (मी असतो तर शिशाची गरजच नव्हती.)

वरच्या टोकाला एफ1एच2ओ, म्हणजे बोटींची फॉर्म्युला वन, यूआयएम या आंतरराष्ट्रीय संघटनेची, 1981 पासून. तिथे वर्षानुवर्षं 2.5 लिटरचं टू-स्ट्रोक व्ही6, साधारण 400 हॉर्सपॉवर, ब्रेक नाही, गिअर नाही. 2018 मध्ये ही सर्कस आपल्याकडे आंध्रातल्या अमरावतीला कृष्णेत येऊन गेली. त्याच संघटनेच्या एफ4 मध्ये मात्र 60 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक, शिकाऊ लोकांसाठी.

पण मला खरी आवडते ती जपानची पद्धत. तिथे क्योतेई म्हणून बोटींच्या शर्यती, 1952 पासून, त्यावर पैसे लावतात (मांडवीतल्या कॅसिनोवाल्यांनी हे वाचू नये). सहा बोटी, 600 मीटरचे तीन फेरे. इंजिन यामातोचं, 400 सीसीच्या आसपास, आणि ते ड्रायव्हरचं नसतंच! बोट आणि इंजिन दोन्ही चिठ्ठी टाकून मिळतात. पूर्वी पंखा (प्रोपेलर) तरी स्वतःचा आणता यायचा, 2012 पासून तोही इंजिनाबरोबरच येतो. मिळालेला पंखा हातोडीने ठोकून, घासून हवा तसा करणं मात्र चालतं. बाया-पुरुष एकत्र धावतात, पुरुषांना किमान 52 किलो आणि बायकांना 47, कमी भरलं तर वजनाचं जॅकेट.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो खडकाला लागून वाकलेला पंखा दगडावर ठेवून हातोडीने सरळ करत होता. म्हणाला, "इंजीन कोणाचेंय आसूं, पंखो आपलो जाय." (इंजिन कोणाचंही असो, पंखा आपला हवा.) मग हातोडी माझ्या हातात दिली, म्हणाला धर, मी चहा घेऊन येतो, आणि पंख्याची एक पाती मी आणखी वाकडी केली.