घड्याळ कोणाच्या हातात?

सापेक्षतेचं एक गणित, माझं उत्तर साडेबारा वर्षं. तिसऱ्यांदा सोडवलं तरी तेच, आणि पुस्तकात मागे उत्तर छापलंय ८.

साधं गणित हो, तारा ६ प्रकाशवर्षं लांब, यानाचा वेग प्रकाशाच्या ०.६ पट, पृथ्वीवरून बघितलं तर १० वर्षं लागतात, मग प्रवाशाचं वय किती वाढलं? गॅमा, म्हणजे वेगामुळे काळात किती पट फरक पडतो तो आकडा, १.२५ काढला आणि दिला ठोकून १० शी गुणाकार.

पुतणी मागून वहीत डोकावत होती. म्हणाली, "काका, पण हे घड्याळ कोणाच्या हातात आहे?"

झालं! १० वर्षं पृथ्वीवरच्या घड्याळातली, विचारलंय प्रवाशाचं, आणि ते तर हळू चालणार, म्हणजे भागायचं होतं. प्रवाशासाठी मधलं अंतरच आकसून ४.८ प्रकाशवर्षं, म्हणून त्याची वर्षं ८. सूत्र मला झोपेत विचारा, पाठ आहे, पण हा प्रश्न डोक्यातच आला नाही.

आता तिने नवीन काडी टाकलीय, प्रवाशाला तर पृथ्वीवरचंच घड्याळ हळू चाललेलं दिसणार ना?