तुम्ही विचारलंत म्हणून: बिल बनवताना मान हलत नाही, मग एरवी का हलते?

दारव्हा तालुक्यातल्या माझ्या कृषी केंद्रात बियाणे आणि खते घ्यायला येणारी माणसे थोडी जवळीक झाली की एक प्रश्न हमखास विचारतात: “भाऊ, बिल बनवता तवा तं तुमची मान हालत नाई, मंग बाकीच्या येळी काहून हालते?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण मनावर घेतले तर हे थांबवता येते, असा समज त्या प्रश्नात असतो. मला टुरेट सिंड्रोम हा मेंदूशी संबंधित विकार आहे. त्याच्याविषयीच्या सगळ्या गैरसमजांत लहान मुलांना सर्वाधिक मार याच समजापायी बसतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

माझ्या मानेला झटका बसतो, डोळे मिचकतात आणि घशातून खाकरल्यासारखा आवाज निघतो. अशा अचानक आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालींना व आवाजांना टिक्स म्हणतात. हालचालींच्या किमान दोन आणि आवाजाची किमान एक टिक असेल, त्या सुरू होऊन वर्ष उलटले असेल, सुरुवात वयाच्या 18 वर्षांआधी झाली असेल आणि दुसरे कोणते कारण सापडत नसेल, तर डॉक्टर टुरेट सिंड्रोमचे निदान करतात. ते सिद्ध करणारी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. 1885 मध्ये पॅरिसच्या जॉर्ज जिल द ला टुरेट या डॉक्टरांनी अशा 9 रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांचेच नाव या विकाराला मिळाले. हालचाल सुरू करणाऱ्या आणि नको ती हालचाल रोखणाऱ्या मेंदूतील यंत्रणेत, म्हणजे खोलवरच्या काही केंद्रांत आणि मेंदूच्या बाहेरच्या थरात चालणाऱ्या देवाणघेवाणीत, येथे फरक असतो. त्यामागे आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे. बुद्धीशी त्याचा काही संबंध नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. टिक येण्याआधी शरीराच्या त्या भागात एक अस्वस्थता दाटत जाते. धुऱ्यावरून चालताना सदऱ्याच्या गळ्यात अडकलेले कुसळ टोचत राहावे आणि ते काढेपर्यंत दुसरे काही सुचू नये, तसे मला मानेत होते. झटका बसला की क्षणभर बरे वाटते आणि मग पुन्हा तेच. ही अस्वस्थता जाणवत असल्यामुळे टिक काही काळ रोखून धरता येते, हे खरे आहे. मयतीला गेलो असता किंवा बँकेत साहेबांसमोर बसलो असता मी ती रोखतो. पण त्या वेळी माझे सगळे लक्ष मानेवर असते आणि समोरचा काय बोलला ते अर्धे निसटून जाते.

बिल बनवताना जे होते ते मात्र याहून अगदी वेगळे आहे. तेथे मी काहीच रोखत नसतो. मन एखाद्या कामात पूर्ण रमले की अनेकांच्या टिक्स आपोआप कमी होतात, आणि थकवा, काळजी किंवा फार आनंद झाला की वाढतात. मृगाच्या तोंडावर दुकानात गर्दी उसळते तेव्हा माझे काय होते, हे गावाने पाहिलेले आहे. कोणी टिक्सविषयीच बोलू लागले तरी त्या वाढतात. म्हणजे रमल्यामुळे आलेली शांतता आणि बळाने आणलेली शांतता बाहेरून सारखीच दिसते, पण एकीला काही मोल पडत नाही आणि दुसरी माणसाला दमवते.

हा फरक न कळल्यामुळे वर्गातल्या मुलाची दशा होते. टिक्स बहुधा वयाच्या 5 ते 7 वर्षांच्या सुमारास सुरू होतात, 10 ते 12 व्या वर्षी सर्वांत जोरात असतात आणि पुढे बहुतेकांच्या कमी होत जातात. मुलींपेक्षा मुलांमध्ये हा विकार तीन ते चार पट अधिक आढळतो. चौथी-पाचवीतला मुलगा कवायतीला शांत राहतो आणि गणिताच्या तासाला खाकरतो, तेव्हा गुरुजींना तो मुद्दाम केलेला खोडसाळपणा वाटतो. मलाही त्यासाठी छडी मिळाली आहे. मार बसेल या भीतीने मूल टिक रोखत बसते आणि फळ्यावरचे गणित त्याच्या डोक्यात शिरत नाही, मग अभ्यासातही ते मठ्ठ ठरते.

बाकीचे समज थोडक्यात सांगतो. यात बाहेरचे काही लागलेले नसते. ताईत बांधल्यावर टिक्स कमी झाल्यासारख्या वाटतात, कारण त्या मुळातच काही आठवडे वाढतात आणि काही आठवडे ओसरतात. ही मिरगी नाही, शुद्ध हरपत नाही, तेव्हा नाकाला कांदा लावू नये. तोंडातून आपोआप शिव्या निघणे हे या विकाराचे लक्षण म्हणून प्रसिद्ध असले तरी ते साधारण 10 ते 15 टक्के रुग्णांतच आढळते, आणि ज्याच्यात ते असते तोही कोणाला शिवी देत नसतो.

उपचार आहेत, पण त्यांनी विकार समूळ जात नाही. वर्तनोपचारात टिकची चाहूल ओळखायची आणि तिच्याशी एकाच वेळी होऊ न शकणारी हालचाल करायची, असे शिकवतात. माझ्यासाठी ती हनुवटी किंचित आत घेऊन मान हलकेच ताठ धरणे ही होती. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात 9 ते 17 वर्षांची 126 मुले होती, आणि हा उपचार मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली. टिक्समुळे दुखत असेल किंवा शाळा-काम अडत असेल, तर औषधेही देतात. अनेकांना टिक्सपेक्षा सोबतची चंचलता किंवा मनात घोळत राहणारे विचार अधिक छळतात, म्हणून डॉक्टरांना तेही सांगावे.

आमच्या भागातून नागपूर किंवा सेवाग्राम गाठता येते. तेवढे जाणे जमत नसेल, तर शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागावी. तोवर गुरुजींनी त्या मुलाला मागच्या बाकावर बसू द्यावे, दमल्यावर दोन मिनिटे बाहेर जाऊ द्यावे आणि त्याच्या खाकरण्याकडे लक्ष न देता शिकवणे चालू ठेवावे.