तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांचं घटतंय, मग आपलंच का वाढतंय?

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, स्टाफरूममध्ये, आणि बारावीच्या वर्गात तर दरवर्षी हमखास, मला हा प्रश्न येतोच. भूगोल शिकवतो म्हणून येत असेल. सर, टीव्हीवर सांगतात अमेरिकेचा, युरोपचा कार्बन कमी होतोय आणि भारताचा वाढतोय, मग वातावरण बिघडवतंय कोण, आपणच ना? मागच्या उन्हाळ्यात दाजींनीपण हेच विचारलं आणि मी जरा आढेवेढे घेतोय असं वाटल्यावर म्हणाले, "कामून फिरवून सांगता, आकडा तो आकडा." दाजींना तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, सगळे जेवायला उठले. ते राहिलेलं उत्तर आता नीट लिहून काढतो.

आकडा खरा आहे आधी हे मान्य करतो. २०२३ साली भारताचा कोळसा, तेल, गॅस, सिमेंट यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड एका वर्षात आठ टक्क्यांच्या वर वाढला, चीनचा चारच्या आसपास, अमेरिकेचा तीन टक्के कमी झाला आणि युरोपियन युनियनचा तर सात-आठ टक्के. हे ग्लोबल कार्बन प्रोजेक्टवाले दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास काढतात, जगभरचे शास्त्रज्ञ बसून हिशोब करतात. त्यात कुणी भारतावर डूख धरलेला नाही.

पण टक्का म्हणजे काय हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात आपल्याकडे पानटपरीपासून कलेक्टर ऑफिसपर्यंत एकच आकडा चालतो, जायकवाडी किती टक्के. गावचा पाझर तलाव एका रात्रीच्या पावसात शून्यावरून शंभर टक्के होतो आणि आपण बघायला जातो, लेकरं उड्या मारतात, पण त्या शंभर टक्क्यांवर पैठणच्या खाली कुणाची पाण्याची पाळी निघत नाही. जायकवाडीचा एक टक्का म्हणजे पाऊण टीएमसीच्या (अब्ज घनफुटाच्या) वर पाणी. तिथे एक टक्का वाढला तरी बातमी होते. टक्का कशाचा, हे विचारल्याशिवाय आपण धरणाबद्दल बोलत नाही, मग कार्बनबद्दल का बोलतो?

चीन वर्षाला साधारण १,२०० कोटी टन सोडतो, अमेरिका ४९० कोटी, आपण ३२० कोटी. आता २०२५ चा अंदाज घ्या, हा मुद्दाम घ्या कारण हा कुणी सांगत नाही. त्या वर्षी भारताची वाढ १.४ टक्के, चीनची ०.४, आणि अमेरिकेची १.९. म्हणजे आपल्यापेक्षा जास्त! गुणाकार केला तर अमेरिकेची वाढ नऊ कोटी टनांच्या वर जाते, चीनची पाच कोटीच्या आसपास आणि आपली साडेचार कोटी. आता हेच माणशी काढलं तर अमेरिकेतला माणूस वर्षाला १४ टनांच्या आसपास, चीनमधला आठ-साडेआठ, युरोपातला साडेपाच, आणि आपण दोन टनांच्या थोडं वर. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरचीपण पोरं मान वर करतात.

पण याचा अर्थ आता अमेरिका बिघडली आणि आपण सुधारलो असाही नाही, आणि इथेच खरी गंमत सॉरी खरी गोष्ट आहे. तिकडे त्या वर्षी थंडी जास्त पडली, गॅस महागला आणि वीजवाले परत कोळशाकडे वळले. आणि आपलं एवढं कमी कसं वाढलं? सौर, पवनची भर पडली हे एक, आणि दुसरं म्हणजे पाऊस लवकर आला. आठवा २०२५ चा मे, मान्सून २४ मेलाच केरळात, आपल्याकडे उन्हाळी कांदा रानात भिजला, कूलर बंद झाले, विजेची मागणी खाली आली, कोळसा कमी जळाला. आणि २०२३ ला बरोबर उलटं झालं होतं, तो ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट, सोयाबीन फुलात असताना पावसाने तोंड फिरवलं, देशभर धरणात पाणी नाही म्हणून जलविद्युत कमी, मोटारी आणि कूलर चालूच, मग ती सगळी तूट कोळशाने भरून काढली. त्या आठ टक्क्यांत आपल्या करपलेल्या सोयाबीनचा वाटा आहे असं मी म्हणतो तेव्हा लोकांना ते भावनेचं वाटतं, पण तो साधा हिशोब आहे. आणि ज्या २०२५ च्या पावसाने आकडा खाली आणला त्याच पावसाने सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, जालना सगळीकडे जमिनी खरवडून नेल्या. म्हणून एका वर्षाचा टक्का बघून कुणाला शाबासकी आणि कुणाला शिव्या देऊ नये, निदान दहा वर्षांची रेघ बघावी.

दहा वर्षांची रेघ बघितली तर मात्र आपली चढतीच दिसते आणि युरोपची उतरती. ते का?

यासाठी मी आईची चूल सांगतो. माझ्या लहानपणी स्वयंपाक पऱ्हाट्यांवर व्हायचा. कापूस निघाला की पऱ्हाट्या उपटून त्याची उडवी घराच्या मागे रचायची ती थेट पुढच्या दिवाळीपर्यंत पुरवायची, आणि पावसाळ्यात त्या ओल्या झाल्या की आई फुंकणीने फुंकून फुंकून लालबुंद डोळ्यांनी भाकरी थापायची, भिंत तर अशी काळी की चुना लावला तरी आठवड्यात परत तशीच. तो सगळा धूर या आकड्यांत नाही! खरंच नाही. पऱ्हाटीने वाढताना हवेतला कार्बन घेतलेला असतो तो ती जळताना परत देते म्हणून तो जमिनीच्या, शेती-जंगलाच्या वेगळ्या खात्यात धरतात, हा आठ टक्केवाला आकडा जमिनीखालून काढलेल्या इंधनाचा. म्हणजे घरी पहिलं सिलेंडर आलं त्या दिवशी आईच्या छातीतला धूर गेला आणि देशाच्या खात्यात एका सिलेंडरमागे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड जमा व्हायला लागला. पहिला पंखा, पहिला फ्रिज, विहिरीवरची पहिली मोटार, सगळं तसंच. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याच्याकडे थोडं आलं तरी टक्का मोठा दिसतो. लंडनमधल्या बाईकडे हे सगळं तिच्या आजीच्या काळात येऊन गेलेलं आहे, तिचा नवा फ्रिज जुन्यापेक्षा कमी वीज खातो, तिची लोकसंख्या फार वाढत नाही, तिचे रस्ते-पूल-घरं बांधून झालेत. तिचा आकडा खाली येणारच.

इंग्लंडची तर गोष्टच सांगण्यासारखी आहे. कोळशावर सार्वजनिक वीज बनवणारं पहिलं केंद्र लंडनमध्येच, होबर्न व्हायाडक्टला, १८८२ साली, आणि शेवटचं रॅटक्लिफचं ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. १४२ वर्षं जाळून झाल्यावर. फ्रान्सने १९७४ ला तेलाच्या धक्क्यानंतर अणुवीज धरली. अमेरिकेत जमिनीच्या खोल थरातला शेल गॅस स्वस्तात निघाला म्हणून कोळसा मागे पडला, २००५ च्या सुमारास त्यांची अर्धी वीज कोळशाची होती ती आता सहाव्या हिश्श्यावर आली. चीन २००१ ला डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत शिरला, जगाचा कारखाना झाला, त्या दोन-तीन वर्षांत त्यांची वाढ दहा टक्क्यांच्या वर होती, आणि २००६ ला त्यांनी अमेरिकेला गाठून मागे टाकलं. आता तोच चीन २०२४ या एका वर्षात २७७ गिगावॅट सोलर बसवतो आणि त्यांची रेघ सपाट व्हायला आलीय. प्रत्येकाची वाट वेगळी, टक्का फक्त एवढंच सांगतो की तो घाटात कुठे आहे, चढतोय की उतरतोय.

आणि घट म्हणजे चांगलंच असंही नाही हो. सोव्हिएत युनियन १९९१ ला फुटलं, कारखाने बंद पडले, पुढच्या दहा वर्षांत रशियाचा कार्बन खूप खाली आला, पण ते काही पर्यावरण सुधारून नव्हे, माणसं बेकार झाली म्हणून. आपलंही २०२० ला सात टक्क्यांच्या आसपास घटलं. ते वर्ष जालन्याच्या माणसाला चांगलं माहीत आहे. भट्ट्या बंद, आकाश इतकं निळं की लोक गच्चीवरून फोटो काढत होते, आणि ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळावर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, मध्य प्रदेशातले, इथे जालन्यात स्टीलमध्ये कामाला असलेले, भुसावळला गाडी मिळेल म्हणून चालत निघालेले. रुळावर त्यांच्या भाकरी पडलेल्या होत्या. तसली घट मला नको. वर्गात घट म्हटलं की मी हे सांगतोच, दरवर्षी सांगतो.

जालन्याचाच अजून एक मुद्दा आहे आणि दाजींना मी हाच सांगायला हवा होता. माझे वडील रोलिंग मिलमध्ये होते, लहानपणी मी डबा द्यायला जायचो तेव्हा दारातून बघायचो, भंगार वितळवून ओतलेला लोखंडाचा ठोकळा तापून नारंगी होतो आणि रोलमधून सापासारखी सळई सळसळत येते, वडील लांब सांडशीने तिचं तोंड धरून पुढच्या रोलमध्ये घालायचे, दहा फुटांवरसुद्धा चेहरा भाजायचा. त्या सळया जालन्यात किती राहिल्या? पुण्या-मुंबईच्या टॉवरमध्ये, हायवेच्या पुलांमध्ये गेल्या. त्यासाठी लागणारी वीज परळीची असो की चंद्रपूरची, कार्बन निघाला तिथेच मोजला गेला. मग तो जालन्याचा, परळीचा की ज्याने टॉवरमध्ये फ्लॅट घेतला त्याचा? देशांचंही हेच आहे. युरोपात वापरलेलं पोलाद, मोबाईल, कपडे चीनमध्ये, बांगलादेशात, आपल्याकडे बनतात आणि धूर बनवणाऱ्याच्या नावावर लागतो. वापरणाऱ्याच्या नावावर लावून बघितलं तर युरोपचा आकडा वाढतो आणि चीनचा, आपला कमी होतो. तरीही युरोपची घट खरी आहे, निव्वळ धूर दुसऱ्याच्या अंगणात ढकलून झालेली नाही, हे पण सांगायला पाहिजे नाहीतर आपलं उत्तर अर्धवट राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी परत जायकवाडीला येतो. आवक वेगळी आणि साठा वेगळा. आपण वर्षभर आवकेवर भांडतो, कुणाची किती टक्के वाढली, पण तापवतो तो साठा. कार्बन डायऑक्साइड वर्षा-दोन वर्षांत निघून जात नाही, त्यातला बराच भाग शेकडो वर्षं हवेत राहतो. १९५८ ला हवाईच्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर आहे. या साठ्यात कोळसा-तेलातून आजवर आलेल्यापैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपला तीन-साडेतीन टक्के. म्हणून दोष आपलाच का, याला माझं स्पष्ट उत्तर आहे: नाही.

पण दोष नाही म्हणजे काम नाही असं मी म्हणत नाही. साठ्यात आज जे पाणी पडतंय त्यात आपली भर मोठी होत चाललीय, आणि तहान लागते ती आधी आपल्याला. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, कोळसा होता आणि पाणी नव्हतं. हे ज्याने पाहिलंय त्याने आमचा वाटा लहान आहे एवढं म्हणून गप्प बसू नये असं मला मनापासून वाटतं. देशाने २०७० चं नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा परत शोषून घेऊ, असं जाहीर केलंय, २०२५ मध्ये बसवलेल्या वीजक्षमतेपैकी निम्मी बिगर-कोळसा, बिगर-तेल-गॅसची झाली, तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत बहुतांश कोळसाच, कारण सूर्य संध्याकाळी मावळतो आणि आपला टीव्ही, पंखा तेव्हाच लागतो. आमच्या गावात सौर पंप आलेत, दिवसा पाणी द्यायला मिळतं, रात्री-अपरात्री विंचू-काट्यात मोटार चालू करायला जायचं थांबलं. तिथे वाढही झाली आणि कार्बनही वाढला नाही. चढ चढायचाच आहे पण चीन इतका उंच जाऊन उतरायची आपल्याला गरज नाही, वाटेतूनच आडवी पायवाट काढता येते, ती काढतोय का हे दहा वर्षांच्या रेघेत दिसेल.

यंदा बारावीच्या वर्गात हे सगळं बोलून झालं तर एका पोरीने विचारलं, सर, मग आमच्या घराचा आकडा किती? मी म्हटलं उद्या लाइट बिल घेऊन या. विजेचं एक युनिट म्हणजे ०.७ किलो, सिलेंडर म्हणजे ४२, पेट्रोलचा लिटर २.३, डिझेलचा लिटर २.७ च्या आसपास, एवढं फळ्यावर लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी तिने वही आणली. महिन्याला शंभर युनिट, वर्षाला आठ सिलेंडर, घरात पाच माणसं, गाडी नाही. माणशी अडीचशे किलोसुद्धा भरत नव्हतं. ती म्हणाली देशाची सरासरी तर दोन टनांच्या वर सांगितली होती तुम्ही, मग बाकीचं कुणाचं? काही सळयांचं, सिमेंटचं, खताचं, रेल्वेचं, जे सगळ्यांसाठीच लागतं, असं मी सांगायला लागलो तर मागून एक पोरगा बोलला, "आमच्याकडं दोन एसी हायेत सर, मी पण बिल आणू का?" आण म्हटलं. सोमवारी बघणार आहोत.