तुम्ही विचारलंत म्हणून : बिलोने गेलेल्या टेंडरचा रस्ता टिकतो का?

नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत असो की दवाखान्याच्या बाकावर, शेजारी बसलेला माणूस थोड्या वेळाने विषय काढतोच: "साहेब, 25 टक्के बिलोने घेतलेलं काम चांगलं होणार कसं? आणि तुम्ही लोक असलं टेंडर मंजूर तरी का करता?" बिलो म्हणजे कामाच्या अंदाजित खर्चापेक्षा कमी दराने. आजवर एकेकाला सांगत आलो. आता एकदा सविस्तर लिहितो.

माझं उत्तर असं आहे. टेंडर उघडतं त्या दिवशी रस्त्याचं नशीब ठरत नाही. ते आधी इस्टिमेटमध्ये, म्हणजे कामाच्या अंदाजपत्रकात ठरतं आणि नंतर मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत. या दोन कागदांकडे कोणी फिरकत नाही, आणि मधल्या एका दिवसावर सगळ्या गावाचं लक्ष असतं.

बिलो कसं ठरतं ते आधी पाहू. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते, तिला आम्ही डीएसआर म्हणतो. खोदाई, मुरूम, खडी, काँक्रीट, प्रत्येक बाबीचा दर तिच्यात असतो. त्यावरून इस्टिमेट तयार होतं, त्याला तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळते, आणि मग निविदा महाटेंडर्स या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर चढते. तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे पात्रतेच्या कागदांत, जो पात्र ठरतो त्याचाच दराचा, म्हणजे आर्थिक लिफाफा उघडतात. आपल्याकडच्या बहुतेक कामांत ठेकेदार एकच आकडा भरतो: इस्टिमेटच्या किती टक्के वर किंवा खाली. सगळ्यात खाली असेल त्याला काम. फारच खाली गेला तर फरकाच्या प्रमाणात जादा सुरक्षा अनामत भरावी लागते. पात्र ठेकेदाराला केवळ दर कमी आहे म्हणून सहज बाजूला काढता येत नाही, आणि सरसकट काढूही नये.

कारण 10-12 टक्के बिलो परवडणारे ठेकेदार खरोखर असतात. स्वतःचा क्रशर आहे, जेसीबी आणि डंपर घरचे आहेत, शेजारच्या प्रभागात काम सुरू असल्याने मिक्सर आणि माणसं इथेच आहेत, अशा माणसाला दरसूचीतल्या दरात वाव मिळतो. त्याचा फायदा नगरपरिषदेलाच होतो.

त्याच्याही खाली जाऊन जो काम घेतो त्याचे पैसे कुठून निघतात, हा खरा प्रश्न. याचं निम्मं उत्तर इस्टिमेटमध्येच लिहिलेलं असतं. लीडचा तक्ता काढून बघा. खडी, वाळू, मुरूम किती किलोमीटरवरून येणार ते त्यात असतं, आणि वाहतुकीचे पैसे त्या अंतरावर धरतात. गावाला लागून क्रशर असताना तक्त्यात लांबची खाण धरली असेल, तर बिलो जायची जागा तिथेच करून ठेवलेली आहे. तीच गोष्ट खोदाईची. जुना टणक रस्ता खाली असताना इस्टिमेटमध्ये पूर्ण लांबीत खोदाई, त्यावर मुरूम आणि वर उरलेली माती लांब नेऊन टाकण्याची बाब, असं सगळं धरलेलं असतं. ती माती कोणी खोदत नाही आणि कोणी नेतही नाही.

म्हणून मला उलट त्या टेंडरची जास्त काळजी वाटते जे अॅट पार जातं, म्हणजे इस्टिमेटच्या बरोबरीने. शेजारच्या तालुक्यात तशाच रस्त्याला चढाओढीने बिलो दर येतो आणि आपल्या गावात तीन टेंडर येऊन सगळ्यात कमी अर्धा टक्का खाली असतं, तेव्हा दोन टेंडर सपोर्टला, म्हणजे नुसती चढाओढ दाखवायला टाकलेली आहेत हे विभागातल्या शिपायालाही कळतं. टेंडर ऑनलाइन झालं म्हणून हे थांबलं असं समजू नका. निविदेत एक अट घालतात: कामाच्या जागेची पाहणी केल्याचा दाखला जोडावा. वरवर पाहता ही अट शहाणपणाची. पण तो दाखला घ्यायला ठेकेदाराला कार्यालयात यावं लागतं, आणि टेंडर कोण कोण भरणार हे निविदा उघडायच्या आधीच गावभर होतं. मग कोणाला दाखला मिळत नाही, कोणाला फोन जातो. डांबर-खडी मिसळण्याचा हॉटमिक्स प्लांट अमुक किलोमीटरच्या आतच हवा, ही अटही कधीकधी एकाच माणसाच्या मापाची शिवलेली असते. निविदा सूचना वाचताना रकमेच्या आधी अटी वाचाव्यात, असं मी प्रत्येक नव्या नगरसेवकाला सांगतो.

आता साइटवर या. गल्लीतला काँक्रीट रस्ता घ्या: लांबी 100 मीटर, रुंदी 4 मीटर, जाडी 15 सेंटिमीटर. एकूण 60 घनमीटर काँक्रीट. जाडी 12 सेंटिमीटर केली तर लागतं 48. तीन सेंटिमीटर म्हणजे बोटाच्या दोन पेरांहूनही कमी, डोळ्याला दिसत नाही, आणि काँक्रीट पाचव्या हिश्शाने कमी झालेलं असतं. 20 टक्के बिलोची भरपाई तिथेच झाली.

ती जाडी कडेला कमी करत नाहीत, कारण पाहणारा कडेलाच टेप लावतो. काँक्रीट अडवायच्या दोन्ही बाजूंच्या पाट्या बरोबर 15 सेंटिमीटर उंच लावतात आणि मुरूम मध्यभागी थोडा उचलून दाबतात. काँक्रीट पडल्यावर वरून सगळं सपाट. आमच्या गावातल्या एका गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी होत्या. काम सुरू व्हायच्या सकाळी त्यांनी ओट्यावरून उतरून एका पाटीपासून दुसऱ्या पाटीपर्यंत सुतळी ताणली, मधोमध आपला शिवणाचा टेप सोडला आणि मला हाक मारली, "साहेब, कडेला पंधरा भरतंय, मग मधे अकराच का?" मुकादम म्हणाला, रोलर फिरला की बसेल. रोलर आदल्या दिवशीच परत गेला होता. मी काँक्रीटची गाडी थांबवली, मधला मुरूम काढून घेतला आणि सुतळी लावून पुन्हा मापं घेतली. दुपार झाली, ठेकेदार चिडला, पण त्या गल्लीत जाडी पूर्ण पडली. मावशींना अभियांत्रिकीतलं काही येत नव्हतं, मापाला पक्क्या होत्या.

हे माप एमबीत लिहितात. कनिष्ठ अभियंता जागेवर माप घेतो, वरिष्ठ तपासतो आणि त्यावरून बिल निघतं. माप जागेवर न घेता टेबलावर बसून इस्टिमेटचेच आकडे एमबीत उतरवले, तर जगातलं कुठलंही टेंडर तुमचा रस्ता वाचवू शकत नाही. खरं घेतलेलं माप इस्टिमेटशी तंतोतंत कधी जुळत नाही. कुठे रस्ता 3.85 मीटर भरतो, कुठे 4.10. पानभर सगळीकडे 4.00 दिसलं की विचारा.

काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, यांचंही तसंच. 15 सेंटिमीटरचे हे ठोकळे 7 आणि 28 दिवसांनी दाबून पाहतात. ते गल्लीत पडणाऱ्या मालातूनच, तुमच्या डोळ्यांदेखत भरायला हवेत, आणि ओले असतानाच त्यावर तारीख आणि कामाचं नाव कोरायला हवं. एरवी प्रयोगशाळेत जास्त सिमेंटचे चांगले ठोकळे जातात आणि अहवाल उत्तम येतो.

सभागृहाबद्दलही विचारतात: नगरसेवक काय करत होते? 2022 च्या सुमारास राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि निवडणुका थेट डिसेंबर 2025 मध्ये झाल्या. मधली वर्षं प्रशासकाची. एकाच सहीने विषय मंजूर होत होते, विषयपत्रिका कोणाच्या घरी जात नव्हती, इतिवृत्तात कोणाचा विरोध नोंदला जात नव्हता. आता पुन्हा सभा भरतात ही मला फार मोलाची गोष्ट वाटते, गोंधळ झाला तरी. पण सभेतही सगळी भांडणं दरमंजुरीच्या विषयावर होतात. कामाला मंजुरी देण्याचा विषय आधीच्या सभेत येऊन गेलेला असतो, तेव्हा इस्टिमेट कोणी मागवत नाही. आणि 'ऐनवेळचे विषय' यात रस्त्याचं काम आलं, तर ते वाचायला वेळच मिळू नये अशीच ती वेळ साधलेली असते. नगरसेवकाने तिथे उभं राहून हा विषय पुढच्या सभेत घ्या म्हणावं आणि ऐकलं नाही तर आपला विरोध नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्यावा.

त्याच विषयपत्रिकेत आणखी एक गोष्ट पाहायची. त्या रस्त्यावर नळाची लाइन किंवा भुयारी गटार येणार आहे का? रस्ता आधी आणि पाइप नंतर हा क्रम मी इतक्यांदा पाहिला आहे की आजही संताप येतो. पैसे दोनदा जातात हे एक. दुसरं नुकसान लोकांच्या लक्षात येत नाही. कामाला दोषदायित्वाचा काळ असतो. तो किती ते करारात लिहिलेलं असतं, आणि त्या काळात रस्ता बिघडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. पाइपसाठी रस्ता फोडला की तो हात वर करतो: मी दिलेला रस्ता तुम्हीच तोडलात.

आणि न फोडलेल्या रस्त्याबाबतही हा हक्क कोणी बजावत नाही. खड्डे पडतात, लोक ओरडतात, नगरपरिषद खड्डे बुजवायचं वेगळं टेंडर काढते. मूळ ठेकेदाराची अनामत मुदत संपल्यावर मुकाट परत जाते.

मग आम्ही करायचं काय, असं तुम्ही पुढे विचारताच. माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून एकाच कामाचे चार कागद मागा: लीडच्या तक्त्यासह मंजूर इस्टिमेट, कार्यादेश आणि करार, एमबीची पानं, चाचणी अहवाल. 2005 च्या त्या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो अर्जात स्पष्ट लिहा. गावातल्या सगळ्या रस्त्यांची माहिती मागू नका, फक्त तुमच्या गल्लीची मागा, म्हणजे टाळायला निमित्त उरत नाही. दोषदायित्व कधी संपतं ती तारीख करारातून काढून घ्या. त्याआधीच्या पावसाळ्यानंतर खड्ड्यांचे फोटो जोडून मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी तक्रार द्या, अनामत परत करू नये असं त्यात म्हणा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.